उपनगरातल्या हॉटेलच्या रिसेप्शनवर नव्याने रुजू होताना

उजळाईवाडी-गोकुळ शिरगावच्या बाजूला, महामार्गालगतच्या हॉटेलात रिसेप्शनवर लागलात, तर चेक-इनची नोंद आणि ओळखपत्रांच्या प्रती हे काम आठवडाभरात अंगवळणी पडते. अडायला होते ते “कोल्हापुरात काय पाहू आणि केव्हा जाऊ?” या प्रश्नाशी, आणि त्यातही ‘केव्हा’शी.

मी चुकलो तो किरणोत्सवात. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात, एवढेच मी पाठ केले होते. फोनवर विचारणाऱ्या एका कुटुंबाला मी ९ नोव्हेंबरची खोली दिली आणि देवीच्या मुखावर किरणे पाहायला मिळतील, असे बेधडक सांगितले. परंपरेने पहिल्या दिवशी किरणे चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, हे मी कोणाला विचारलेच नव्हते. त्यातही ढग किंवा धुरके आडवे आले, तर ती पितळी उंबरठ्याच्या आसपासच विरतात, आणि सारा सोहळा मोजक्या मिनिटांचा असल्यामुळे उपनगरातून निघणाऱ्याने दुपारी चारच्या आतच गाडीत बसलेले बरे. रात्री परतलेल्या आजींनी काउंटरवर कुंकवाची पुडी ठेवली आणि “पायांवर आली रे बाळा, वर नाही चढली,” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे परतीचे आरक्षण होते.

“गेस्टला नाही म्हणायचे नाही” हा जुन्या सहकाऱ्यांचा सल्ला माझ्या मते नवख्याचा घात करतो. टॅक्सीवाल्यांचे छापील पॅकेज वाचून दाखवणे हीदेखील पळवाटच आहे. त्यात जोतिबा आणि पन्हाळा अर्ध्या दिवसात ‘होतात’, पण तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि अंबरखाना नीट पाहणाऱ्याला तेवढा वेळ एकट्या पन्हाळ्यालाच लागतो. २०२५ मध्ये हा गड जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर गेस्ट त्याच्याविषयी अधिक बारकाईने विचारतात.

तरीही घाबरून जाऊ नका. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, सुट्टीच्या दिवशी एकदा स्वतः फिरून आलात की उत्तरे आपोआप सुचू लागतात. किरणोत्सवासाठी फोन आला की मी आता आधी तारीख विचारतो, त्या दिवशी किरणे कुठवर जातात ते सांगतो, ढगांचीही कल्पना देतो आणि मगच खोलीचा दर सांगतो. काही जण फोन ठेवतात, पण बरेच जण ११ तारखेची खोली मागतात.