फेसलिफ्ट करून घेण्याआधी

फेसलिफ्ट म्हणजे चेहऱ्याची कातडी मागे ताणून शिवणं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नुसती कातडी ताणली, तर ती थोड्याच काळात पुन्हा सैल पडते. सगळा ताण टाक्यांवर येतो, व्रण रुंदावतात आणि कानाची पाळी खाली ओढल्यासारखी दिसते. खरं काम कातडीखालच्या स्नायू-पडद्याच्या थरात होतं. त्याला ‘स्मास’ म्हणतात. मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ साली त्याचं वर्णन केलं. हा थर दुमडून, कापून किंवा पूर्ण मोकळा करून वर बसवतात आणि कातडी त्यावर अलगद, ताण न देता पसरतात. म्हणून सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘तुम्ही कोणत्या थरावर काम करता आणि माझ्यासाठी तीच पद्धत का?’ उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

अपेक्षाही नीट तपासा. ओघळलेले गाल, जबड्याच्या कडेला लोंबणारी कातडी आणि सैल मान यांत चांगला फरक पडतो. कपाळ, पापण्या, ओठांवरच्या बारीक रेषा आणि उन्हाचे डाग मात्र तसेच राहतात. त्यांचे उपचार वेगळे. वजन कमी करायचं असेल तर ते आधी करा, नाहीतर नंतर कातडी पुन्हा सुटते.

तयारीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निकोटीन. शस्त्रक्रियेत कातडी खालून सुटी केलेली असते आणि तिला रक्त लांबून, बारीक वाहिन्यांतून पोचतं. निकोटीनने त्या आक्रसतात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद हवी. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगमही यातच येतात. सर्जनपासून हे लपवू नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. या साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. पण हृदयासाठी किंवा रक्त पातळ करायला दिलेलं औषध ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका. रक्तदाब आटोक्यात असल्याशिवाय तारीख ठरवू नका.

छेद कानाच्या वर केसांत सुरू होतो, कानापुढून उतरतो, पाळीला वळसा घालून मागे केसांत जातो. पुरुषांनी दाढीबद्दल आधीच बोलून घ्यावं, कारण दाढीची कातडी सरकून कानाला अगदी चिकटते. भूल पूर्ण किंवा गुंगीसह स्थानिक असते. वेळ दोन ते चार तास, मानही असेल तर जास्त.

पहिले २४ तास सर्वांत जोखमीचे. कातडीखाली रक्त साचणं हा सर्वांत जास्त आढळणारा धोका. पुरुषांत आणि रक्तदाब असलेल्यांत तो अधिक. उलटी, खोकला, कुंथणं यांनीही रक्त सुटतं. एरवी चेहरा जड, ताठ वाटतो, पण फार दुखत नाही. एकाच बाजूला वाढत जाणारी सूज, ताण आणि वेदना जाणवली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी फोन करा. रक्त वेळेत काढलं तर कातडी वाचते. रात्री कोण उपलब्ध असेल, हे आधीच विचारून ठेवा आणि पहिल्या रात्री सोबत माणूस असू द्या.

कातडीखालचं रक्त-पाणी बाहेर काढायला नळी लावली असेल तर ती एक-दोन दिवसांत काढतात. कानापुढचे टाके पाच ते सात दिवसांनी, मागचे दहा ते चौदा दिवसांनी निघतात. दोन आठवडे डोकं उंचावर ठेवून झोपा, वाकू नका. जड व्यायामाला चार ते सहा आठवडे थांबा.

कानाभोवतीचा बधिरपणा काही महिने टिकू शकतो, म्हणून तिथे थेट बर्फ किंवा गरम हेअर ड्रायर लावू नका; भाजलेलं कळतच नाही. ओठ वाकडा होणं किंवा भुवई न उचलणं हे चेहऱ्याच्या मज्जातंतूला धक्का बसल्याचं लक्षण. ते बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतं, क्वचित कायम राहतं, म्हणून लगेच दाखवा. व्रण मुरून फिकट व्हायला वर्ष लागतं. तोवर त्यावर ऊन पडू देऊ नका.