ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी: लेझरविषयीच्या गैरसमजातून होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईत जुने ब्लू-रे प्लेअर आजही हातोहात फिरतात. परदेशातून परतलेल्या नातेवाइकांबरोबर आलेले, चोरबाजारात मिळालेले किंवा माळ्यावरून खाली काढलेले हे प्लेअर शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या, एखाद्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात. अधूनमधून त्यांच्यासोबत लाल खोक्यातली एचडी डीव्हीडी, म्हणजे ब्लू-रेची एकेकाळची स्पर्धक डिस्क, हीही येते आणि 'ही चालत नाही, लेझर गेला' असे निदान ऐकू येते. कित्येकदा लेझर गेलेला नसतो. प्लेअर वेगळ्या जातीचा असतो, लेन्सवर धूळ असते किंवा डिस्क चुकीच्या पद्धतीने पुसलेली असते. या साऱ्या गोंधळाच्या मुळाशी एक समजूत आहे: ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांचे लेझर वेगवेगळे होते. वास्तविक लेझर दोहोंचा एकच होता. फरक होता तो लेन्समध्ये, आणि डिस्कच्या पृष्ठभागापासून माहितीचा थर किती खोल ठेवला आहे यात. हे नीट समजले की पुढच्या चुका टाळणे सोपे जाते.

निळा लेझर फक्त ब्लू-रेमध्ये असतो असे मानू नये

सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, तर ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन्हींना ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेझर लागतो. हा लेझर गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकापासून बनतो. त्यावर काम करून तो व्यवहारात आणण्यात जपानच्या निचिया कंपनीत संशोधन करणाऱ्या शुजी नाकामुरा यांचा मोठा वाटा आहे. निळ्या एलईडीच्या शोधासाठी त्यांना इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स आदी कंपन्यांचा ब्लू-रे गट आणि तोशिबा व एनईसी यांचा एचडी डीव्हीडी गट, दोघांनीही याच तरंगलांबीचा आधार घेतला. नावात 'ब्लू' एकाच्याच आहे, म्हणून दुसऱ्याचा किरण लाल ठरत नाही.

मग एका थरात ब्लू-रेवर २५ जीबी आणि एचडी डीव्हीडीवर १५ जीबी का मावतात? याचे उत्तर लेन्सच्या न्यूमेरिकल अपर्चरमध्ये आहे. लेन्स किरणांना किती तिरप्या कोनातून एकत्र आणू शकते, त्याचे हे माप. सीडीसाठी ते ०.४५, डीव्हीडीसाठी ०.६०, एचडी डीव्हीडीसाठी ०.६५ आणि ब्लू-रेसाठी ०.८५ आहे. प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या समप्रमाणात आणि अपर्चरच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तरंगलांबी समान असल्याने ०.६५ ला ०.८५ ने भागून वर्ग केला की ब्लू-रेच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ एचडी डीव्हीडीच्या ठिपक्याच्या सुमारे ०.५८ पट येते. आता १५ ला २५ ने भागून पाहावे: ०.६. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की क्षमतेतला जवळजवळ सगळा फरक लेन्सने घडवला, हे कागदावर पेन्सिलीने सिद्ध होते. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ठिपका लहान झाल्यामुळे ब्लू-रेवरच्या माहितीच्या रेषांमधले अंतर ०.३२ मायक्रॉन ठेवता आले. एचडी डीव्हीडीत ते ०.४०, डीव्हीडीत ०.७४ आणि सीडीत १.६ मायक्रॉन आहे.

यावरून चित्राच्या दर्जाविषयीचाही एक गैरसमज दूर व्हावा. दोन्ही स्वरूपे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र देतात आणि दोघांतही एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी हीच तीन संकुचन तंत्रे वापरता येतात. व्हिडिओच्या प्रवाहाची कमाल मर्यादा ब्लू-रेमध्ये सेकंदाला ४० मेगाबिट आणि एचडी डीव्हीडीत २९.४ मेगाबिट आहे, त्यामुळे ब्लू-रेला हात थोडा मोकळा आहे. पण हा फरक जागेचा आणि वेगाचा आहे, लेझरच्या 'स्पष्टपणाचा' नव्हे.

दोन्ही डिस्क एकाच पद्धतीने पुसू नयेत, आणि ब्लू-रे कधीही घासून घेऊ नये

या मुद्द्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण डिस्कचे सर्वाधिक नुकसान येथेच होते. चारही प्रकारच्या डिस्क हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात: १२ सेंटिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. आतली रचना मात्र वेगळी आहे. सीडीत लेझर जवळजवळ पूर्ण १.२ मिलिमीटर प्लास्टिक पार करून वरच्या, लेबलच्या बाजूला असलेल्या थरापर्यंत पोचतो. डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचण्याच्या बाजूने अवघ्या ०.१ मिलिमीटर खोलीवर आहे.

ही खोली हौसेने कमी केलेली नाही. डिस्क फिरताना थोडी जरी कलली तरी ठिपका विस्कटतो आणि हा दोष अपर्चरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अपर्चर ०.८५ पर्यंत नेल्यावर ०.६ मिलिमीटरचा जाड थर ठेवला असता तर डिस्क कलण्याचा थोडासाही दोष सहन झाला नसता. म्हणून थर पातळ करावा लागला. तोशिबाच्या गटाने अपर्चर ०.६५ वरच थांबवले, खोली डीव्हीडीइतकीच ठेवली आणि त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यातली यंत्रसामग्री थोड्या फेरफाराने वापरता येईल, हा त्यांचा सर्वांत भक्कम दावा होता. तो दावा पोकळ नव्हता.

या निवडीचा परिणाम आपल्या हातातल्या डिस्कवर असा होतो. एचडी डीव्हीडीत किरण पृष्ठभागावरून आत शिरतो तेव्हा तो सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो. ब्लू-रेत त्याच ठिकाणी तो एक अष्टमांश मिलिमीटरच्या आसपास असतो. पृष्ठभागावरचा धुळीचा कण दोहोंत तेवढाच, पण ब्लू-रेत तो किरणाचा फार मोठा भाग अडवतो. खिडकीच्या जाळीपलीकडे दूरवर पाहताना जाळी जाणवत नाही, पण जाळीला अगदी लागून धरलेले अक्षर वाचू गेले तर प्रत्येक तार आड येते, तसे हे आहे. याच भीतीमुळे सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क बंद कॅसेटसारख्या खोक्यात ठेवल्या जात. पुढे टीडीकेसारख्या कंपन्यांनी पृष्ठभागावर कठीण लेप देण्याचे तंत्र विकसित केले आणि खोक्याची गरज संपली.

म्हणून पहिला नियम असा की सीडी-डीव्हीडीचे ओरखडे घालवण्यासाठी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रात ब्लू-रे कधीही देऊ नये, आणि टूथपेस्ट लावून चोळण्याचा घरगुती उपायही करू नये. डीव्हीडीवर घासायला ०.६ मिलिमीटर प्लास्टिक असते. ब्लू-रेवर एकूणच ०.१ मिलिमीटर आहे, त्यात कठीण लेपही आला. तो निघाला की उघडा पडलेला मऊ थर पुढच्याच पुसण्याने ओरखडतो. थराची जाडी जागोजाग बदलली तरी ठिपका बिघडतो, त्यामुळे दिसायला चकचकीत झालेली डिस्कही वाचली जात नाही. एचडी डीव्हीडी घासणे तुलनेने कमी घातक असले तरी रेषा इतक्या जवळ असताना तेही टाळलेलेच बरे.

स्वच्छता करायची तर कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड, आणि हाताची दिशा मध्यापासून काठाकडे. गोल गोल पुसू नये, कारण माहितीच्या रेषेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो, तर आडवा ओरखडा प्रत्येक रेषेचा छोटासा तुकडा खातो आणि तेवढी चूक दुरुस्त करण्याची सोय डिस्कमध्येच असते. थिनर, ॲसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये.

मुंबईचा पावसाळा हा वेगळाच प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीचे पांढुरके डाग येतात, आणि ०.१ मिलिमीटरच्या हिशेबात असा डाग पुरेसा मोठा अडथळा असतो. खोक्यांच्या रांगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि भिंतीला चिकटलेले कपाट वापरू नये. एसीच्या गार खोलीतला प्लेअर दमट खोलीत आणला तर लेन्सवर दव धरते, म्हणून लगेच चालू न करता तास-दोन तास तसाच राहू द्यावा.

'डीव्हीडी चालते, म्हणजे लेझर ठीक आहे' असे समजू नये

दुरुस्तीच्या टेबलावर सर्वाधिक वेळ या वाक्याने वाया जातो. ब्लू-रे प्लेअरचा पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेला डिस्क वाचणारा भाग, उघडून पाहिला तर अनेक मॉडेलांत दोन छोट्या लेन्स शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात: एक ब्लू-रेसाठी, दुसरी डीव्हीडी आणि सीडीसाठी. त्यांच्या मागचे लेझरही वेगळे असतात. त्यामुळे डीव्हीडी व्यवस्थित चालत असताना ब्लू-रे न चालणे पूर्णपणे शक्य आहे. हे लक्षण दिसले की ४०५ नॅनोमीटरचा डायोड, म्हणजे लेझर निर्माण करणारा भाग, अशक्त झाला आहे किंवा ब्लू-रेची लेन्स मळली आहे, असा संशय घ्यावा. उलट ब्लू-रे चालते आणि डीव्हीडी चालत नाही, असेही घडते. प्रथम लेन्स हळुवार स्वच्छ करावी. ब्रश असलेली क्लीनिंग डिस्क वापरायची असेल तर ती ब्लू-रेसाठी चालते असे तिच्यावर लिहिलेले पाहावे, कारण ब्लू-रेची लेन्स डिस्कच्या फार जवळ फिरते.

एका थराची डिस्क चालते आणि ५० जीबीची दोन थरांची डिस्क मध्येच अडकते, असेही होते. दोन थरांची खोली ०.१ आणि ०.०७५ मिलिमीटर अशी वेगळी असते. हा फरक भरून काढायला पिकअपमधली एक लेन्स पुढे-मागे सरकवली जाते. ती अडकत असेल तर थर बदलताना चित्र थांबते. अशा वेळी डायोड बदलण्याची घाई करू नये.

पिकअपवरचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची शक्ती वाढवण्याची सवय काही ठिकाणी आहे. डिस्क काही दिवस चालते आणि मग डायोड कायमचा जातो. तो स्क्रू कारखान्यात मोजून बसवलेला असतो, त्याला हात लावू नये. झाकण काढून डोळ्याने 'किरण येतो का' हे पाहणेही धोक्याचे आहे: ४०५ नॅनोमीटरला आपला डोळा फारच मंद प्रतिसाद देतो, त्यामुळे क्षीण दिसणारा जांभळा प्रकाश प्रत्यक्षात बराच तीव्र असू शकतो.

विकत घेण्यापूर्वी

एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये चालत नाही. लेझर एकच असला तरी लेन्सचे गणित ०.१ मिलिमीटरसाठी केलेले आहे. दोन्ही चालवणारे मोजके प्लेअर एलजी आणि सॅमसंगने काढले होते. बाकी सर्व एकाच बाजूचे. वॉर्नर या चित्रपट कंपनीने जानेवारी २००८ मध्ये ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार जाहीर केली, म्हणजे एचडी डीव्हीडीचे जे यंत्र आज मिळेल ते इतके जुने असणारच. खोक्याचा रंग पाहावा: एचडी डीव्हीडीचा लाल, ब्लू-रेचा निळा. रस्त्यावरच्या डिस्कवर नुसते 'एचडी' छापलेले असेल तर ती बहुधा साधी डीव्हीडी असते.

ब्लू-रेमध्ये प्रदेशांचे बंधन आहे, म्हणजे एका गटापुरती मर्यादित डिस्क दुसऱ्या गटाच्या प्लेअरमध्ये चालत नाही; भारत 'सी' गटात येतो. अमेरिका व जपान 'ए' गटात आहेत. एचडी डीव्हीडीत असे बंधन नव्हते. अमेरिकेतून वा जपानहून आलेला प्लेअर आपल्या २३० व्होल्टवर लावण्यापूर्वी मागच्या पट्टीवरचे आकडे वाचावेत. अल्ट्रा एचडी ब्लू-रे याच ४०५ नॅनोमीटरच्या लेझरवर आणि ०.८५ अपर्चरवर चालते, पण ६६ आणि १०० जीबीच्या तिच्या डिस्कवर माहिती अधिक दाट असते किंवा थर तीन असतात, त्यामुळे जुना ब्लू-रे प्लेअर त्या घेत नाही.

नवा पिकअप बसवायचा असेल तर त्याच्या छोट्या सर्किटवर डायोडची दोन टोके जोडणारा सोल्डरचा थेंब आहे का, ते भिंगातून पाहावे. स्थिर विजेने डायोड जाऊ नये म्हणून कारखान्यातून तो तसा पाठवला जातो. पट्टीची केबल आधी जोडावी, मग हा थेंब काढावा आणि मगच प्लेअरला वीज द्यावी; थेंब तसाच राहिला तर नवा पिकअपही मेल्यासारखा वागतो आणि दुकानदाराशी विनाकारण वाद होतो.