शिडाच्या नौकेचे डिझेल इंजिन सुरू होत नसेल तर या चुका टाळा

पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली शिडाची नौका मुंबईच्या बंदरात पुन्हा पाण्यात उतरवली की बहुधा पहिली अडचण इंजिनचीच येते. अशा वेळी सेल्फचे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. बहुतेक नौकांमध्ये इंजिन थंड करणारे समुद्राचे पाणी शेवटी धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर पडते. इंजिन केवळ सेल्फवर फिरत असताना पंप पाणी खेचत राहतो, पण ते बाहेर ढकलण्याइतका धुराचा जोर नसतो. त्यामुळे ते मफलरमध्ये, म्हणजे धुराचा आवाज कमी करणाऱ्या डब्यात, साठते आणि मफलर भरल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही, म्हणून त्यानंतर मारलेल्या सेल्फने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉडसुद्धा वाकू शकतो.

दोन-तीन प्रयत्नांत इंजिन सुरू झाले नाही, तर पाणी आत घेणारा सी-कॉक बंद करावा, मफलरला निचऱ्याचे बूच असल्यास तेथून पाणी सोडावे आणि मगच पुढील तपासणी करावी. इंजिन पेटताच मात्र कॉक लगेच उघडला पाहिजे, कारण पंपातील रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर थोड्याच वेळात त्याची पाती फाटतात. ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते. कॉक बंद असेपर्यंत इंजिनच्या चावीला एखादी चिंधी बांधून ठेवावी.

सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर डिझेलच्या नळ्या सोडण्यात अर्थ नाही. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. आकडा ठीक असूनही इंजिन फिरत नसेल, तर टर्मिनल आणि अर्थची जोडणी खाऱ्या हवेने गंजली आहे का, ते पाहावे.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही आणि एक्झॉस्टमधून धूरही निघत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. प्रथम इंजिन बंद करण्याची ओढदोरी ओढलेलीच राहिली नाही ना आणि टाकीचा कॉक उघडा आहे ना, याची खात्री करावी. बराच काळ न वापरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी तळाशी जमते, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात आणि त्यांचा काळा गाळ फिल्टर बुजवतो. फिल्टर बदलल्यावर हवा न काढताच सेल्फ मारणे ही पुढची चूक. फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेलचा हातपंप मारावा. पंपाचा दांडा सैल लागत असेल, तर पंप बिघडला असे लगेच समजू नये. पंपाला ढकलणारा इंजिनमधील कॅम (उंचवटा) वरच्या स्थितीत थांबलेला असू शकतो, तेव्हा इंजिन हाताने एक फेरा फिरवून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही इंजिन पेटले नाही, तर नॉझलकडील (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडील) नट सैल करून हवा काढावी, परंतु त्या वेळी हात तेथून दूर ठेवावा, कारण तेथील प्रचंड दाबाने उडालेले डिझेल कातडीत घुसते आणि तशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालयात दाखवावी लागते.