आल्प्समधला टेक्निकल, म्हणजे अवघड उतार एमटीबीवर (माउंटन बाइकवर) कसा उतरायचा

आपण फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्याचं उदाहरण घेऊ. कोल द बाल्म ही स्विस सीमेवरची खिंड साधारण २,२०० मीटरवर, आणि खाली व्हॅलोर्सीन गाव १,२६० च्या आसपास. म्हणजे नऊशेच्या वर मीटर खाली यायचं, वरती मोकळं कुरण आणि खाली झाडीत मुळं, दगड, आखूड वळणं.

आधी तारीख ठरवा. या खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पायवाटांवर सायकलला बंदी असते, फक्त नेमून दिलेल्या वाटा चालू. जूनमध्ये वर बर्फ उरलेला असू शकतो, म्हणून माझं मत सप्टेंबरचा पहिला भाग, पण वर नेणारा रोपवे चालू आहे का आणि सायकल घेतात का हे आधी विचारून घ्या. आणि सकाळीच निघा, उन्हाळ्यात दुपारनंतर विजा कडाडायला लागतात.

मग सायकल. भारतातून जाणाऱ्यांनी हे नीट वाचा, आपल्याकडे उजवा ब्रेक पुढचा असतो, तिकडच्या भाड्याच्या सायकलला बहुतेक उलटा, डावा पुढचा आणि उजवा मागचा. घाबरून हात सवयीने दाबतो आणि नको तेव्हा पुढचं चाक लॉक होऊन माणूस हँडलवरून पुढे! दुकानदाराला सांगून बदलून घ्या, नाहीतर सपाटीवर अर्धा तास फिरून हाताला सवय लावा. ट्यूबलेस टायर असेल तर सत्तर किलोच्या माणसाला पुढे २२-२४ आणि मागे २५-२७ पीएसआय ठीक. फुलफेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घ्याच.

आता उतरताना. सीट पूर्ण खाली, दोन्ही पेडल एका लेव्हलला, टाचा खाली, कोपर बाहेर. मागे फार झुकायचं नाही, सगळे तेच करतात आणि मग पुढच्या चाकावर वजन राहत नाही, ते वळायचं सोडून सरळ घसरत जातं. वजन पायांवर हवं, हात हलके.

ब्रेक एका बोटाने. सारखा थोडा थोडा दाबून ठेवलात तर ब्रेकची डिस्क तापते, लिव्हर मऊ पडतो आणि हात भरून येतात, त्यामुळे जिथे जमीन घट्ट आहे तिथे जोरात दाबून वेग कमी करा आणि मुळांवर, ओल्या दगडावर सोडून द्या. अवघड वाटतं पण मूळ ब्रेक न लावताच पार होतं, तेही शक्यतो काटकोनात कापून. तिरकं गेलात की चाक सटकलंच.

आखूड वळणावर आधीच वेग कमी करा, बाहेरच्या बाजूने शिरा, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे, दरीकडे अजिबात नाही. मागचं चाक उचलून फिरवणारे लोक दिसतील, ते सोडा, नाही जमलं तर उतरून चाला, त्यात कसली लाज. शिवाय मागचं चाक लॉक करून घसरत वळलं की वाट उखडते आणि मग बंदी वाढते.

टूर दु माँ ब्लां (माँ ब्लां पर्वताभोवतीची पायी वाट) करणारे चालणारे लोक याच खिंडीतून जातात, त्यांना आधी जाऊ द्या, थांबून बॉन्जूर म्हणा.

एकटे जाऊ नका. पडलात तर ११२, पण सीमेपलीकडे स्विस बाजूला हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं, तेव्हा इन्शुरन्समध्ये माउंटन बाइकिंग लिहिलंय का बघा, साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा नसतं. व्हॅलोर्सीनला रेल्वे स्टेशन आहे, तिथून शामोनीला परत. आणि खाली पोचल्या पोचल्या डिस्कला हात लावू नका, चटका बसतो.