न पडताही वाझा-आरी जाते: पहिल्या फुल कॉन्टॅक्ट फाइटला उतरणाऱ्यांसाठी

पॉइंटवाल्या कराटेतून इकडे येणाऱ्यांनी टोकियो ऑलिंपिकची फायनल एकदा बघावीच. ७ ऑगस्ट २०२१, पुरुष, ७५ किलोवरचा गट. सौदीचा तारेग हामेदी ४-१ असा पुढे होता. त्याची उंच किक बसली, इराणचा सजाद गंजजादे आडवा झाला आणि सुवर्ण मिळालं आडव्या झालेल्यालाच, कारण त्या नियमांत एवढ्या जोरात मारणं फाउल. क्योकुशिनमध्ये, म्हणजे पूर्ण ताकदीने मारायच्या फुल कॉन्टॅक्ट कराटेत, हीच किक म्हणजे सरळ इप्पोन: पूर्ण गुण आणि फाइट तिथेच संपली.

बाकीचे नियम तुम्हाला माहीत असतीलच. ग्लोव्ह्ज नाहीत, तोंडावर ठोसा नाही, डोक्याला किक आणि गुडघा चालतो, धरणं-ढकलणं बंद. तीन सेकंदांहून जास्त खाली राहिलात तर इप्पोन, त्याआधी उठून उभे राहिलात तर वाझा-आरी, म्हणजे समोरच्याला अर्धा गुण, दोन वाझा-आरींची एक इप्पोन.

घोळ होतो तो इथेच. ‘खाली’ हा शब्द सगळ्यांच्या डोक्यात बसतो आणि नियमाचा उरलेला भाग कोणी सांगत नाही: क्षणभर लढायची इच्छा गेलेली दिसली, तरी वाझा-आरी. मला यानेच धरलं. लो किक गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बसली. पाय बधिर. हात आपोआप मांडीवर गेला, कंबरेत वाकलो, अर्धी पाठ समोरच्याकडे. कोपऱ्यांतल्या पंचांच्या शिट्ट्या वाजल्या, झेंडे आडवे झाले, आणि मी पायावर उभा असल्यामुळे दुसऱ्याच कोणाचं काहीतरी झालंय असं समजून बघत राहिलो. आजही तो पाय ठणकला की आधी शिट्ट्याच ऐकू येतात.

म्हणून स्पॅरिंगमध्ये हे वेगळं घोटा. मार लागला की हात वरच, एक पाऊल बाजूला, आणि लगेच काहीतरी परत द्या, हलकं असलं तरी चालेल. तोंड वाकडं करू नका, माउथगार्ड चावा. पंचांना तुमचं दुखणं दिसत नाही, तुमची हालचाल दिसते. मात्र हे मांडी-बरगड्यांपुरतं. डोक्याला लागून गरगरत असेल तर लपवू नका, कोचला सांगा आणि बाहेर या. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.

समोरच्याने अशी-बाराईने, म्हणजे पायाने झाडून, तुमचा पाय काढला आणि तुम्ही पडलात, तर नुसत्या पडण्याला काही नाही. वरून त्याने नीट आवरलेला गेदान-त्सुकी, म्हणजे खालच्या दिशेचा ठोसा, दाखवला तर मात्र वाझा-आरी. तेव्हा पडल्या पडल्या लोळून उठा.

घाबरू नका, पहिल्या फाइट्स बहुतेक झेंड्यांवरच, म्हणजे पंचांच्या कौलावर सुटतात. मुख्य पंच आणि चार कोपऱ्यांतले, पाचांपैकी तीन एका बाजूला हवेत. आधी बघतात कोणाला जास्त इजा झाली, मग कोणी जास्त मारलं, मग पुढे कोण सरकत होतं. शेवटचा अर्धा मिनिट नुसता मागे सरकत काढलात तर आधीची मेहनत पाण्यात. बरोबरी असेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे जादा राउंड. मोठ्या ओपन स्पर्धांत त्यानंतरही सुटलं नाही तर वजन बघतात, ठरावीक फरक असेल तर हलका जिंकतो, आणि त्यापुढे तामेशिवारीत कोणी जास्त फळ्या फोडल्या ते. १९९४ मध्ये क्योकुशिनचे संस्थापक मास ओयामा गेले, संघटनेची शकलं झाली, त्यामुळे तपशील जागोजागी बदलतात. त्या स्पर्धेचं नियमपत्रक हातात घेतल्याशिवाय फी भरू नका.

निकालाचा हा क्रम विचारल्यावर “तू बिनधास्त घूस, बाकी बघू” म्हणणारा कोच मला झेपत नाही. नडगीवर बाटल्या लाटायला लावणारा तर अजिबातच नाही. बॅगवर वर्षभर किक मारा, नडगी आपोआप टणक होते.

एक्स्टेन्शनमध्ये खांदे भरून येतात, मुठी सुटतात आणि उघडे तळवे समोरच्याच्या छातीवर टेकतात. त्यावर चुई, म्हणजे ताकीद मिळते, आणि चुया साठल्या की गेन्तेन, म्हणजे गुणकपात. बरोबरीच्या फाइटमध्ये तेवढ्यावर हरवतात. दमल्यावरच्या राउंडला मित्राला बाजूला उभं करा आणि मूठ उघडली की ओरडायला सांगा.