कातरण, सुटी बटणं आणि केसांसाठी तीन वस्तू

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी ब्लाउज बेतून उरलेले तुकडे आई एका जुन्या अभ्र्यात भरून ठेवायची. विटलेला शर्ट पोछ्याला काढण्याआधी त्याची बटणं कापून पितळी डब्यात टाकायची. तो अभ्रा आणि डबा आता माझ्याकडे आहेत आणि त्यांतून मी भाच्यांसाठी केसांना लावायच्या वस्तू शिवते: स्क्रंची (चुण्यांचा कापडी रबरबँड), फुलाची क्लिप आणि बो. एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: आधी वस्तू ठरवून मग कापड शोधू नका. आधी कापडाची जात ओळखा आणि त्यावरून वस्तू ठरवा.

मऊ सुती कापड स्क्रंचीला चांगलं, कारण ते केसांवरून घसरत नाही. साटीन किंवा रेशमी तुकड्यात केस कमी अडकतात, म्हणून कुरळ्या किंवा पटकन तुटणाऱ्या केसांना तेच बरं. जाडसर खादी फुलाच्या पाकळ्यांना आकार देते. बाग प्रिंटसारखं (बाग गावची ठशांची छपाई) गडद छापील कापड असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग उतरला, तर उतरायचा थांबेपर्यंत धुवा आणि मगच कापा. नवं सुती कापडही एकदा भिजवून वाळवून घ्यावं, नाहीतर शिवल्यावर आटतं.

महेश्वरी साडीचे तुकडे मात्र मी वेगळे ठेवते. महेश्वर इथून जेमतेम नव्वद किलोमीटर, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत एखादी तरी महेश्वरी असतेच. पारंपरिक विणीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, म्हणून ती हलकी असते आणि तिला चमकही असते. पण कापली की कडेच्या दशा (सुटे धागे) भराभर सुटतात. त्यासाठी माया (टिपेबाहेर सोडायची कड) नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे दीड सेंटिमीटर सोडा. तिचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्याचा उपयोग पुढे बोसाठी होतो.

स्क्रंची

५५ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद पट्टी लागते. एवढा सलग तुकडा नसेल तर दोन-तीन जोडा, चुण्यांत जोड दिसत नाही. सोबत ६ मिलिमीटर रुंदीचं, २० सेंटिमीटर इलॅस्टिक घ्या. राजवाड्याजवळच्या लेस-बटणांच्या दुकानांत ते मीटरवर मिळतं.

पट्टी लांबीत दुमडा, सुलट बाजू आत. एक सेंटिमीटर माया सोडून लांब कडेला टीप मारा. हाताने शिवत असाल तर प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे घेऊन पुढे काढा. नुसता धावदोरा ताण पडला की उसवतो. नळीच्या टोकाला सेफ्टी पिन लावून ती आतून ओढत नेली की नळी सुलट होते.

आता परकरात नाडी ओवतो तसं इलॅस्टिक ओवायचं. माझ्या पहिल्या स्क्रंचीत त्याचं मागचं टोक नळीत गडप झालं आणि सगळं पुन्हा ओवावं लागलं. तेव्हापासून मागचं टोक मी टाचणीने कापडाला अडकवून ठेवते. दोन्ही टोकं बाहेर आली की एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवून घट्ट शिवा. नुसती गाठ मारली तर ती पुढे सुटते. मग नळीचं एक टोक आत दुमडा, दुसरं त्यात सरकवा आणि बारीक टाक्यांनी बंद करा.

या जोडावर एक चपटं बटण लावा. जोड झाकला जातो आणि स्क्रंची विकतच्यापेक्षा वेगळी दिसते. बटण शिवताना सुई इलॅस्टिकमध्ये जाऊ देऊ नका. गेली तर तिथल्या चुण्या अडकून बसतात.

फुलाची क्लिप

वाटी उपडी ठेवून ८ सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळं आखून कापा. लहान मुलीसाठी ५ सेंटिमीटर पुरे. प्रत्येक वर्तुळ अर्धं दुमडा, गोल कडेने दोन्ही पदरांतून धावदोरा घाला आणि ओढून चुण्या करा, झाली पाकळी. दोरा न तोडता पुढची पाकळी त्याच दोऱ्यावर घ्या. पाचवी झाली की पहिलीत टाका घालून दोरा घट्ट ओढा.

मधे उरलेल्या भोकावर बटण बसवायचं. डब्यातली टवका उडालेली किंवा बेरंगी बटणं इथे कामी येतात, कारण त्यांवर कापड चढवता येतं. बटणाच्या व्यासाच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचं वर्तुळ कापा, कडेपासून ३-४ मिलिमीटर आत धावदोरा घाला, मधे बटण ठेवा आणि दोरा आवळून गाठ मारा. मागे कडी असलेलं बटण सापडलं तर फारच छान. कडीतून गोल रबर ओवलं की वेगळा रबरबँड तयार होतो.

फुलाच्या मागे जुन्या जीन्सची रुपयाएवढी चकती शिवा, तिच्यात आधी दोन बारीक चिरा पाडून ठेवा. चिमट्यासारख्या उघडणाऱ्या लांबट क्लिपेची वरची पट्टी त्या चिरांतून सरकवा. गोंद मी वापरत नाही. तो उन्हात सुटतो आणि क्लिप बिघडली तर फूलही वाया जातं.

बो

महेश्वरीचा काठ २५ सेंटिमीटर कापा, टोकांच्या दशा दुमडून शिवा. दोन्ही टोकं मधे आणून दोऱ्याने आवळा, वर बटण लावा. उलट बाजू लपवायची नसल्याने अस्तर लागत नाही.

कुठलंही बटण दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक भोकातून चार-पाच वेळा शिवा आणि शेवटी जोरात ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना बटण लावूच नका, ती तोंडात घालतात. त्यांच्यासाठी फुलाच्या मधे कापडाचीच लहान गोळी शिवा.

फूल मळलं तर क्लिप सरकवून काढा, म्हणजे ती गंजणार नाही. फूल साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने बुचकळा आणि पाकळ्या बोटांनी सारख्या करून सावलीत वाळत ठेवा.