डायव्हर्टिक्युलायटिस : शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना
मोठ्या आतड्याच्या भिंतीवरील लहान पिशव्यांची सूज ओसरल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये. दोनदा त्रास झाला की आतड्याचा भाग काढायचा, हा जुना नियम आता पाळला जात नाही. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात शल्यविशारदांना भेटताना सीटी स्कॅनचे सर्व अहवाल आणि प्रत्येक वेळच्या त्रासाची तारीख सोबत न्यावी. कर्करोग नसल्याची खात्री करण्यासाठी सूज ओसरल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करावी का, हेही विचारावे.

नेदरलँड्समधील ‘डायरेक्ट’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत वारंवार किंवा सतत त्रास असलेल्या रुग्णांचे ५ वर्षांनंतरचे जीवनमान शस्त्रक्रियेच्या गटात अधिक चांगले आढळले आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांनाही शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली; मात्र शस्त्रक्रिया झालेल्या ११ टक्के रुग्णांत भाग काढून जोडलेल्या आतड्याचा जोड गळला. म्हणूनच जोड गळल्यास पोटावर तात्पुरता स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी केलेले छिद्र) करावा लागेल का आणि तो किती महिने राहील, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. संकोचाने हा प्रश्न टाळणे मला फार घातक वाटते. त्रास क्वचित आणि सौम्य असेल तर थांबणे योग्य. आतड्याचा मूत्राशयाशी फिस्टुला (दोन्हींना जोडणारा अनैसर्गिक मार्ग) झाला असेल किंवा आतडे अरुंद झाले असेल, तर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.